तात्यासाहेब चारवर आहेत

विश्वास ताम्हाणेपुढे कुणी सहज "काय उकडतंय हो आज!" म्हटलं की तो खिशात हात घालतो. आपल्याला वाटतं, रुमाल काढेल. तो फोन काढतो आणि सांगतो, "मांडवीतलं औषधाचं दुकान एकतीस, रक्तपेढीचा फ्रीज चार, मकरपुऱ्यातलं गोडाऊन छत्तीस." त्याने उकाडा कमी होत नाही, पण त्या विषयावर आणखी बोलण्यासारखं काही उरत नाही. विश्वासला बहुधा तेच हवं असतं.

त्याचा धंदा तापमानाचे बिनतारी सेन्सर बसवण्याचा आणि बसवलेले सांभाळण्याचा. काड्यापेटीएवढी पांढरी डबी, तिच्यातून निघालेली शेवईसारखी बारीक वायर आणि वायरीच्या टोकाला तांदळाएवढा धातूचा दाणा. दाण्याला जे गार-गरम लागतं ते डबी हवेतून पाठवते आणि आपल्या फोनवर त्याचा आकडा दिसतो. ऐकायला सोपं आहे. पण थंडीत डबीतले सेल लवकर मरतात आणि फ्रीजच्या पत्र्यातून तिचं म्हणणं बाहेर पोचत नाही. म्हणून दाणा आत ठेवायचा आणि डबी बाहेर चिकटवायची. बाहेर चिकटवली की तिला माणसांचे हात लागतात. कुणी तिच्यावर कॅलेंडर अडकवतं, कुणी खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहतं, आणि मकरपुऱ्याच्या एका गोडाऊनमध्ये तर वॉचमनने आपली टोपी तिच्यावर टांगायला सुरुवात केली होती. विश्वास चिडत नाही. टोपी काढतो, शेजारी एक खिळा ठोकतो, टोपी खिळ्याला लावतो आणि पुढच्या गोडाऊनकडे जातो.

सेन्सर खरं बोलतोय की नाही हे तपासायचं तर दाणा कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवायचा; शून्य दाखवलं तर ठीक. त्यासाठी तो थर्मास घेऊन मांडवीजवळच्या गोळेवाल्याकडे जातो. गोळेवाला दर वेळी विचारतो, "काला खट्टा के ऑरेंज?" आणि विश्वास दर वेळी "सादा" म्हणतो. गोळेवाल्याचं ठाम मत आहे की या माणसाला डायबिटीस आहे.

निरुपमा, त्याची बायको, म्हणते, "लग्न झाल्यापासून मला ताप आला की या माणसाने कपाळाला हात म्हणून लावला नाही. थर्मामीटर शोधत बसतो." यावर विश्वासचं म्हणणं असं, की हाताला कळत नाही.

माझी आणि त्याची गाठ बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळामुळे. मी सुभानराव, रिटायर्ड माणूस, तेव्हा मंडळाने माझ्या गळ्यात जे काम घातलं ते कुणालाच नको होतं. मंडळाकडे विजेवर चालणाऱ्या तीन थंड पेट्या आहेत. घरात माणूस गेला आणि परदेशातून मुलं यायची असली की आम्ही ती पेटी घरपोच देतो. बडोद्यात हे वरचेवर लागतं. प्रत्येक घरातलं एक तरी पोर कॅनडात नाहीतर अमेरिकेत आहे, आणि मरण काही विमानाची वेळ बघून येत नाही. पेटीला वर काचेचं झाकण असतं, खाली मशीन गुरगुरत असतं. कुणाची काय अवस्था झाली हे मला फोनवरचं पहिलं वाक्य ऐकूनच कळतं. दुःखात असलेला माणूस आधी पत्ता सांगतो. बाकीचे आधी विचारतात, भाडं आहे का हो?

या पेट्यांना सेन्सर का लागले, तेही सांगून टाकतो. मागे एका घरात दूरच्या जावयाने स्वतःचा फोन चार्जिंगला लावण्यासाठी पेटीचा प्लग काढला. नंतर परत लावायचं विसरला. पुढचं सांगत नाही. त्या दिवसानंतर विश्वासने तिन्ही पेट्यांना सेन्सर बसवले, आठच्या वर आकडा गेला की त्याच्या आणि माझ्या फोनवर भोंगा वाजेल अशी व्यवस्था केली, आणि प्लगभोवती अशी चिकटपट्टी गुंडाळली की ती सोडवायला चार जावई हाताशी असले तरी पुरणार नाहीत.

तर असा सगळा बंदोबस्त होता, आणि भाद्रपदात तात्यासाहेब गेले.

तात्यासाहेब कर्णिक म्हणजे संस्कृत शिकवणारे. निम्मं बडोदं त्यांच्या हाताखालून गेलेलं. नागरवाड्यात पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते आणि शैलावहिनी दोघेच राहत. एकुलती मुलगी मोहना कॅनडात, कॅलगरीला. ते शुक्रवारी पहाटे झोपेतच गेले. मोहना मिळेल त्या विमानाने निघाली, पण लंडन आणि दिल्ली करत तिला पोचायला रविवारची दुपार होणार होती. शैलावहिनी एवढंच म्हणाल्या, "तिला तोंड दिसायला हवं." मी पेटी पाठवली.

तात्यासाहेबांचे धाकटे भाऊ संपतराव मात्र थांबण्याच्या विरुद्ध होते. त्यांना थांबणं मुळातच आवडत नाही. लग्नात ते अक्षता पडायच्या आधी पंगतीत बसलेले असतात. त्यांनी डॉक्टरला बोलावून घेतलं. डॉक्टर म्हणाले, पेटी नीट गार राहिली तर रविवारपर्यंत काही होत नाही, मात्र आत ऊब धरली तर पुढे थांबू नका, चेहरा बघवणार नाही. संपतराव म्हणाले, "ठरलं मग. आकडा दहाच्या वर जाऊन राहिला की मी कुणाचं ऐकणार नाही." शैलावहिनींनी मान हलवली. म्हणजे मोहनाला बाबांचं तोंड दिसायचं की नाही, हे आता त्या तांदळाएवढ्या दाण्यावर आलं.

विश्वासने दाणा आत, तात्यासाहेबांच्या खांद्याशी लावला. डबी पेटीच्या बाजूला चिकटवली. डबीचा आकडा पकडून फोनवर पोचवणारा रिसीव्हर खिडकीत ठेवला. मोहना विमानतळावर बसून त्याला सारखी फोन करत होती, तेव्हा त्याने तिच्या फोनवरही आकडा दिसेल असं करून दिलं. असं तो सहसा करत नाही. मी विचारलं, का रे? तो म्हणाला, "सारखे फोन येतात. हे सोपं." लोक सांगतात की त्याच्या मनात फार होतं वगैरे. मला तसं काही दिसलं नाही. आकडा साडेतीनवर स्थिर झाला, तेव्हा त्याने चहा मागितला.

मग माणसं यायला लागली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तात्यासाहेबांनी हयातीत कुणाला पाया पडू दिलं नाही. कुणी वाकलं की ते मागे सरत आणि म्हणत, "त्यापेक्षा शब्दरूपं म्हणून दाखव." वर्षानुवर्षांचे विद्यार्थी असे तुंबून राहिलेले. आता तात्यासाहेब मागे सरू शकत नव्हते. तेव्हा जो येईल त्याला पायांना हात लावायचाच होता, आणि त्यासाठी झाकण उघडावं लागत होतं. काचेतून दर्शन घ्या म्हणावं तर भाद्रपदाच्या दमट हवेने काचेवर धुकं धरलेलं. आत तात्यासाहेब आहेत हे लोकांनी आमच्यावर विश्वास ठेवून मानायचं.

"एकच मिनिट ने, विश्वासभाई," मालविका म्हणाली. ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः शाळेत शिकवते. झाकण उघडलं. आकडा सहा. बंद केलं. तोवर बँकेतला एक जण आला, तो मालविकाच्या वर्गातला, त्याला कसं नाही म्हणणार? आकडा सात. शेजारचे मफतकाका हात जोडून उभे, "जरा ढांकणुं खोलो ने, पगे लागवुं छे." साडेसात. मग एक आत्याबाई गंगाजल आणि तुळशीपत्र घेऊन आल्या. त्यांना झाकण नुसतं उघडून पुरेना, सावकाश उघडून हवं होतं. भोंगा वाजला. तो एकाच वेळी माझ्या खिशात, विश्वासच्या खिशात आणि कॅलगरीच्या विमानतळावर वाजला असणार, कारण लगेच विश्वासला मोहनाचा फोन आला, "काका, आत्ता कुणी उघडलं?"

"तुझी आत्या."

"कुठली?"

"पाणी घेऊन आलेली."

"तिला सांगा, झाकण लाव."

विश्वासने सांगितलं, "मोहना म्हणते झाकण लावा." आत्याबाईंनी लावलं. साता समुद्रापलीकडून आपल्यावर नजर आहे हे कळल्यावर बाई एकदम शिस्तीत आल्या. पुढे मग विश्वासने हीच युक्ती धरली. स्वतःच्या नावावर तो काही सांगेना. सगळं मोहना म्हणते. दर अर्ध्या तासाने झाकण एकदाच उघडायचं, तोवर जमतील तेवढ्यांनी रांगेत पाया पडून घ्यायचं. मी रांग लावायला उभा राहिलो. एका गृहस्थाने मला पाया पडल्यावर प्रसाद कुठे मिळेल असं विचारलं. मी त्याला बाहेरची वाट दाखवली. माझा आवाज जरा चढला असेल.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना आकड्याची सवय झाली. येणारा माणूस चप्पल काढता काढता विचारी, "साहेबने केटला छे?" विश्वास सांगे, "चार." "सारु, सारु," म्हणून तो निश्चिंत मनाने आत जाई. आजाऱ्याची चौकशी करावी तशी ती चौकशी चालली होती. साडेचारला लोक जरा गंभीर होत, तीनवर आला की एकमेकांना सांगत. जाताना मफतकाका मला म्हणाले, तब्येत सुधारती दिसते. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते चपला शोधू लागले.

या सगळ्यात शैलावहिनी पेटीपासून दोन हातांवर भिंतीला टेकून बसून होत्या. रडल्या नाहीत, उठल्या नाहीत. झाकण उघडलं की सगळ्या बायका पुढे सरत, या तिथेच. आत्याबाई स्वयंपाकघरात कुजबुजल्या, "शैला म्हणजे दगड आहे बाई. नवऱ्याजवळ एकदा तरी जावं की नाही?" मलाही तेव्हा तसंच काहीसं वाटलं.

शनिवारी सकाळी मी दूध घेऊन परतत होतो, तेव्हा भोंगा वाजला. फोन बघितला, बारा. जिन्यापाशी पोचलो तोवर एकोणीस. घरी पिशवी टाकून रिक्षा करेपर्यंत एकतीस. आत माणूस असलेल्या पेटीचा आकडा एकतीस म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. मी विश्वासला फोन केला. तो म्हणाला, "निघालोय," आणि त्याने फोन ठेवला.

कर्णिकांच्या दारात पोचलो तर संपतरावांनी बांबू मागवले होते. "चौतीस झालं सुभानराव, चौतीस! आता कसली वाट बघायची? शववाहिनीला फोन केलाय मी. पोरगी दहाव्याला तर असेल." त्यांच्या हातातल्या फोनवर मोहना होती. ती लंडनला बाकावर बसून चौतीसकडे बघत होती आणि रडत होती. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "काका, एक दिवस. फक्त एक दिवस थांबा." संपतराव म्हणाले, "अगं, माझ्या हातात आहे का ते?" आणि खरं सांगायचं तर तेही रडत होते. मला त्यांचा राग आला होता, तो तेवढ्यात गेला.

शैलावहिनी भिंतीशी उभ्या राहिल्या होत्या. पहिल्यांदाच उठलेल्या. त्या विश्वासच्या वाटेकडे बघत होत्या.

विश्वास आला. चपला काढल्या. पेटीच्या बाजूला हात लावला, मशीनला कान लावला. मशीन गुरगुरत होतं. प्लग जागेवर होता, चिकटपट्टीसकट. मग तो गुडघ्यांवर बसला आणि डबीपासून वायर बोटाने चाचपत निघाला. वायर पेटीत जात नव्हती. ती खाली उतरून, फुलांच्या पाटीला वळसा घालून तात्यासाहेबांच्या उशाशी लावलेल्या समईपर्यंत गेली होती, आणि तिचा दाणा समईच्या कडेला, ज्योतीपासून बोटभर अंतरावर पडला होता.

झालं होतं असं, की सकाळी आत्याबाईंनी कालचे शिळे हार काढून ताजे घातले. शिळ्या झेंडूच्या दोऱ्यांबरोबर ती पांढरी वायरही त्यांना दोराच वाटली. ओढली, निघाली, आणि फुलं पाटीत टाकून दोरा त्यांनी समईजवळ ठेवला, कारण तात्यासाहेबांच्या अंगावरचा दोरा केरात कसा टाकायचा?

"म्हणजे हा आकडा समईचा?" संपतराव म्हणाले.

"हो."

"मग तात्या कितीवर आहेत?"

"बघू."

त्याने दाणा रुमालाने पुसला, झाकण हातभर उचलून आत सरकवला आणि झाकण दाबून बसवलं. सगळे फोनभोवती जमले. बांबू घेऊन आलेला माणूसही आत येऊन वाकून बघू लागला. अठ्ठावीस. बावीस. पंधरा. विश्वास म्हणाला, "आत ऊब धरली असती तर एवढ्या भराभर उतरला नसता." दहा. सात. पाच. चारवर येऊन आकडा थांबला. कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले आणि वेळेवर आवरले.

विश्वासने संपतरावांच्या हातातून फोन घेतला. "मोहना, तो समईचा आकडा होता. तात्यासाहेब चारवर आहेत. ये तू."

पलीकडून तिने नाक पुसल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं."

संपतरावांनी बांबूवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. विश्वासने वायर पेटीच्या आत चिकटपट्टीने पक्की केली आणि तो दिवसभर तिथेच खुर्ची टाकून बसला. जवळ हार आणला की तो हात पुढे करून स्वतःकडे घेई आणि झाकणावर वरून ठेवी. त्या दिवशी मांडवीतल्या दुकानाचा सेन्सर बंद पडला होता आणि दुकानदार त्याला सारखा फोन करत होता. विश्वासने त्याला सांगितलं की मी एका सरांपाशी बसलोय. दुकानदार म्हणाला, सर बरे आहेत ना? विश्वास म्हणाला, "चार."

रविवारी दिल्लीचं विमान उशिरा सुटलं. दुपारची संध्याकाळ व्हायला आली तेव्हा मोहना दारात उभी राहिली, पाठीवर एक पिशवी, अंगात तिकडचा जाड कोट. बडोद्याच्या त्या उकाड्यात तो काढायचंही तिला सुचलं नव्हतं. शववाहिनी खाली येऊन थांबली होती. खोली माणसांनी भरलेली. सगळ्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली, आणि विश्वासने झाकणाला हात घातला.

"थांबा काका," ती म्हणाली.

ती आईपाशी जाऊन जमिनीवर बसली. तिच्या हातात फोन होता, त्याच्यावर दोन दिवसांची ती रेघ होती, खाली चारवर आडवी चाललेली आणि मधून मधून वर उठलेली. "आई, मी वाटेत हेच बघत होते. रेघ वर गेली की मला कळायचं, आता कुणीतरी बाबांच्या पाया पडलं. मला बरं वाटायचं. किती माणसं आली गं." तिने बोटाने रेघ सरकवली. "यातलं तुझं कुठलं?"

शैलावहिनी म्हणाल्या, "माझं नाही त्यात."

"म्हणजे?"

"मी उघडायला लावलंच नाही." त्या फोनकडे बघत नव्हत्या, तिच्या कोटाचं वरचं बटण काढत होत्या. "उघडलं की चढतं, मी बघत होते ना. सगळ्यांना नाही कसं म्हणायचं? मग म्हटलं, निदान मी तरी नको. तुझ्या वाट्याचं कमी झालं असतं."

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मला रडू आलं, आणि ते मी कुणापासून लपवलं नाही. दोन दिवस त्या बाईने दोन हातांवर बसून काचेवरचं धुकं पाहिलं होतं, आणि आम्ही तिला दगड म्हणत होतो.

विश्वासने डबी उघडून तिचा सेल काढला आणि खिशात टाकला. तिघांच्याही फोनवरचा आकडा गेला. मग त्याने बिजागरीचे दोन्ही स्क्रू सोडवले, अख्खं झाकण उचललं आणि भिंतीशी नेऊन उभं केलं. संपतराव हळूच म्हणाले, "खाली गाडी थांबलीय." विश्वास म्हणाला, "थांबू दे."

मोहनाने आईला हाताला धरून उठवलं आणि आधी तिला पुढे केलं. तात्यासाहेबांचा चेहरा जसा होता तसा होता. कपाळावर दव धरलं होतं. शैलावहिनींनी ते पदराच्या टोकाने पुसलं, मग तळहात तिथेच ठेवला आणि कितीतरी वेळ उचलला नाही.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "किती गार पडलेत हो हे."